पूजेतला राउटर

फोनमधली कीर्तनं पुसली गेली, म्हणून धुळ्यातल्या एका मोबाइल दुकानात मी नंबर लावून बसलो होतो. माझ्यापुढच्या आबांनी पिशवीतून राउटर काढून दुकानवाल्या ताईंपुढे ठेवला.

"वायफायचा पासवर्ड घरात कोणालाच आठवत नाही, ताई."

"मागच्या स्टिकरवर असतो, आबा. पण यावर हळदकुंकू कुणी थापलं?"

"मीच. दसऱ्याला विळा, मोटर, फवारणीचा पंप, बठ्ठ्यांची, अगदी सगळ्यांची पूजा केली. हाही राबतोच ना घरात?"

"मग पुढून लावायचं!"

"पुढे दिवे लुकलुकतात. डोळ्यांत कुंकू कसं घालू?"

"बरं, स्टिकरवरचा पासवर्ड नंतर कुणी बदलला होता का?"

"पोराने. ललितने."

"मग फोन करून त्यालाच विचारा की."

"दोन वर्षं आमचं बोलणं नाही."

"घरी येत नाही?"

"येतो ना, दिवाळीला. मायशी बोलतो. मग ओट्यावर बसून फोन पाहतो. त्याच्या फोनला वायफाय आपोआप लागतं."

"आता रीसेट करावा लागेल, आबा. जुना पासवर्ड जाईल, नवा तुम्ही ठरवा."

"मग ललितच्या फोनला लागणार नाही?"

"नाही. त्याला नवा पासवर्ड विचारावा लागेल."

"मला?"

"तुम्हाला, नाहीतर त्याच्या आईला."

"तिला नाही सांगत. करा रीसेट."