पैल्या दिवसापास्नं माहीत होतं

न्हाई न्हाई, उठू नका पावनं, चहा ठेवलाय, दूध आत्ताच आलंय — अन् काय म्हणालात तुमी, पोराला आता फ्रेश स्टार्ट करायचाय? लय चांगला शब्द हाय. कळतो मला. हसू नका, सातवी शिकलेली हाय मी, पण हे असले शब्द मला भिंतीपलीकडून फुकट मिळतेत. ही बगा मधली भिंत, एका विटेची. पलीकडं निकिताचा क्लास. दुपारी बायकांची बॅच. 'स्पोकन इंग्लिश' अशी पाटी लावलीय, येताना वाचलीच असंल तुमी, अन् वाचून तिकडं न जाता आधी इकडं आलात. बरोबरच केलं. मुलीच्या घरी बसून काय कळतंय? पोहे कळतेत. मुलगी कशी हाय ते शेजारणीलाच विचारावं, अन् सगळ्या पालममधी माझ्यासारखी शेजारीण तुमाला सापडायची न्हाई. तुमी देवगाव फाट्याहून आलात, ओमप्रकाशचे मामा, पोरगं सेलूला नोकरीला, पैलं लग्न झालं, वर्षभरात बायको माहेरी गेली ती गेलीच, फारकत झाली — हे सगळं तुमी चपला काढता काढताच सांगून टाकलं. मोकळेपणानं सांगितलं, आवडलं मला. फ्रेश स्टार्ट! घ्या, साखर बगा, कमी झाली असंल तर सांगा.

तर पोरगी. पोरगी कशी हाय ते तिच्या शिकवण्यावरनंच सांगते. गेला महिनाभर तिनं नुसतं सुरुवातीचं लावलंय. म्हणजे इंग्रजी बोलणारे लोक सुरुवातीबद्दल काय काय बोलतेत ते. भारी वेड हाय म्हणं त्या लोकांना सुरुवातीचं! आपल्यात कसं, नारळ फुटला, श्रीगणेशा झाला, झाली सुरुवात — ती एकदाच. त्यांच्यात दर घडीला नवी. स्वयंपाकाला सुद्धा म्हणतेत, 'फ्रॉम स्क्रॅच' केला. म्हणजे काय, तर तयार काहीच आणलं न्हाई, पीठ मळण्यापास्नं सगळं हातानं. मी म्हणलं, बाई, मग आमी जन्मभर तेच करायलोत की, आमाला कुणी नाव न्हाई दिलं त्याचं! पण तिनं पुढं सांगितलं ते माझ्या ध्यानात ऱ्हायलं. स्क्रॅच म्हणजे जमिनीवर ओढलेली रेघ. पळायच्या शर्यतीला सगळ्यांनी तिथं उभं ऱ्हायचं. कुणी एक पाऊल पुढं न्हाई, कुणी मागं न्हाई. फळ्यावर रेघ ओढून दाखवली तिनं. मला कसं दिसलं? अवं, खिडकी हाय ना.

अन् जीव किती लावती! आमच्या गल्लीतली छबूबाई — उसाला जाती ती, दिवाळी झाली की कोयता घेऊन कारखान्यावर, पार उन्हाळ्यात परत. परत येती तवा सगळं इसरलेली. निकिता तिला म्हणली, "मावशी, बॅक टू स्क्वेअर वन." म्हणजे ठिकरीच्या खेळात कसं, चुकलं की पुन्यांदा पैल्या घरात. तर छबूबाई म्हणती, "मी कवा पैल्या घरातून बाहेर पडले गं माय?" सगळ्या हसायल्या. ही न्हाई हसली. छबूबाईच्या जवळ खाली मांडी घालून बसली अन् तेच वाक्य पुन्यांदा, तितक्याच गोडीनं. आता मला सांगा, अशी सून भेटंल का कुठं?

अन् एक हाय, 'फ्रॉम डे वन'. पैल्या दिवसापास्नं. निकितानं बायकांना विचारलं, हे कवा वापरायचं? कुणालाच येईना. मी अलीकडून ओरडले, "बिघडल्यावर!" — तवर मी ऐकत असते हे सगळ्यांना कळूनच गेलं होतं म्हणा, आता तर मी आतच बसते, सतरंजीवर — तर मी म्हणलं, बिघडल्यावर! नीट चालू असताना कुणी म्हणत न्हाई. स्लॅब गळायला की म्हणतेत, मला तर पैल्या दिवसापास्नं माहीत होतं मिस्त्री कच्चा हाय. आता हिचंच बगा ना, हिचा साखरपुडा मोडला तवा अख्खी गल्ली म्हणायली, आमाला तर पैल्या दिवसापास्नं —

काय झालं? कप का ठेवला खाली?

दत्तरावांनी सांगितलं न्हाई तुमाला? स्थळ त्यांनीच आणलं ना? अगं माय. अन् मी समजले — बसा. बसा म्हणते ना. माझ्या तोंडातून गेलंय तर आता पुरतं ऐकून जा. अर्धं ऐकलेलं लय वाईट असतंय पावनं, मी इतकी वर्षं भिंतीला कान लावलाय, मला इचारा. झाला होता साखरपुडा. गंगाखेडकडचे लोक होते. पेढे वाटले, साड्या घेतल्या, पत्रिका तेवढी छापायची होती. अन् निरोप आला, लग्न झालं की क्लास बंद, आमच्या घरच्या सुना दारावर पाटी लावत न्हाईत. तिनं स्वतः फोन लावला अन् न्हाई म्हणली. हो, तिनंच मोडला! व्यंकटराव, तिचे वडील, ते डोकं धरून अंगणात बसलेले, आई भांडी आदळायली, अन् ही दुसऱ्या दिवशी दुपारी फळा पुसून उभी. "गुड आफ्टरनून" म्हणली. आवाज बसला होता जरा. मी ऐकलं ना. बायका आल्या होत्या निम्म्याच.

कसं म्हणालात? "म्हणजे मोडलेली हाय"?

असं. आत्ता चपला काढताना तुमच्या पोराचं काय होतं? फ्रेश स्टार्ट. वर्षभर संसार करून फारकत घेतलेल्या पोराला फ्रेश स्टार्ट, अन् नुसते पेढे वाटलेल्या पोरीला मोडलेली! इंग्रजी कुणाला लावायचं अन् मराठी कुणाला, हे कुठं ठरलं पावनं? कोण बसलं होतं त्या बैठकीला? तुमचं पोरगं रेघेवर येऊन उभं ऱ्हातंय, छाती काढून, मग ती का न्हाई? तिनं काय मागं जाऊन, खड्ड्यातून पळायचं? न्हाई, आवाज चढू द्या माझा, पलीकडं जाऊ द्या ऐकू, एका विटेची भिंत हाय.

माझंच — जाऊ द्या. न्हाई, सांगतेच आता. माझं पैलं माणूस लवकर गेलं. मी एकोणीस वर्षांची. मग ह्या घरात आले. ह्यांचीबी पैली बायको वारलेली, मांडीवर लेकरू. घर एकच, माणसं तीच, भटजी तोच, दिवस तोच — अन् ह्यांचं झालं लग्न, अन् माझा लागला पाट. ऐकलंय ना हे तुमी? आपल्याकडं बाईचं दुसऱ्यांदा लग्न होत न्हाई, पाट लागतो. सवाष्णी बायका तोंड फिरवून बसल्या होत्या, मी दारातून आत येताना माझं तोंड दिसू नये म्हणून. त्या लेकराला मी वाढवलं, माझं एक वाढवलं, घरावर स्लॅब पडला, हे अजून मला 'कस्तुरा' म्हणून हाक मारतेत, एका शब्दानं कधी दुखवलं न्हाई — पण हळदीकुंकवाला गेले की अजून कुणीतरी कुणाच्या तरी कानात म्हणतंयच, पाटाची हाय. हे मी निकिताला इचारलं एकदा, सगळ्या गेल्यावर. इंग्रजीत ह्याला काय म्हणतेत गं? ती म्हणली, मावशी, दोघांनाबी एकच. 'दे स्टार्टेड ओव्हर.' त्यांनी पुन्यांदा सुरुवात केली. मी म्हणलं, माझ्यासाठी निराळा शब्द न्हाई? म्हणली, न्हाई. आता तिकडंबी बायका कुजबुजत असतील, मी कुठं बघायला गेले! पण शब्द तरी एकच ठेवलाय. मी त्या दिवशी घरी येऊन भाकरी करता करता पाच-पन्नास वेळा म्हणले असंल. स्टार्टेड ओव्हर. दे. दोघं.

चहा पिता का गार करता?

काय? बोला, बोला, स्पष्ट बोला. "झालं गेलं इसरून पदरात घेऊ." पदरात घेता. लय मोठं मन हाय. अन् पुढं? "फक्त लग्नानंतर तो क्लास तेवढा" —

द्या तो कप इकडं. ऱ्हायलाय तो चहा ऱ्हाऊ द्या. मी कोण नकार देणारी, नकार तिचा तिनं द्यायचा, अन् ती देती, जमतंय तिला. मी शेजारीण. माझा हक्क एवढाच, पुढ्यातला कप उचलायचा. पोरीला इचारायचं असंल तर क्लास सुटल्यावर अंगणात उभं ऱ्हावा, आत पुरुषाला येऊ देत न्हाई ती. न्हाई तर स्टँडवर जा, देवगाव फाट्याकडं जायला गाडी मिळंल, मिळंल तवा मिळंल.

ऐकायलात का? चालू झालं बगा. रोज एका बाईनं उभं ऱ्हाऊन पैलं वाक्य बोलायचं असतंय. माझी पाळी कवाचीच आली, मीच चुकवायले, कधी दळण म्हणून, कधी गुडघा म्हणून. आज न्हाई चुकवायची. 'टू बिगिन विथ, माय नेम इज कस्तुराबाई' — एवढंच म्हणायचंय, मग पुढचं सुचंल.

उठा पावनं. दार लावू नका, मलाबी निघायचंय.