तोंडी काही नाही!

...आता माणसाशी बोलायलासुद्धा बोटं लागतात हो! मग देवानं तोंड दिलंय कशाला, नुसतं शेव-पोहे खायला? तुम्हाला सांगतो, देवासच्या आमच्या कारखान्यात दत्ताजी फोरमन, पण पाळी सुरू झाली की प्रत्येक मशीनपाशी जाणार, "काय भिया, तोंड का उतरलंय? घरी वाजलं का?" आणि कुणाला मधेच घरी जायचं असलं, तर दत्ताजींनी तोंडानं "जा" म्हटल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही. साहेब काही म्हणोत, दत्ताजींचा "जा" हवा!

मग दोन हजार पाचात आले पियूषसाहेब, कॉम्प्युटर घेऊन! "दत्ताजी, अब तोंडी काही नाही. रजा, तक्रार, सगळं मेलवर. जमाना बदल गया." बदलला बाबा! दत्ताजींना बसवलं काचेच्या केबिनमध्ये, कामगारांना मेल करायला भिंतीपाशी एक कॉम्प्युटरचा डबा ठेवला, आणि फोरमनपासून कामगारापर्यंत प्रत्येकाच्या मेल-खात्याला आपोआप जाणारं उत्तर चिकटवून दिलं: "आपका संदेश मिल गया है. धन्यवाद." दत्ताजी बिचारे एका बोटानं एक मेल उघडतायत, तोवर दहा येऊन पडतायत...

त्यातच एक भास्करचा. भास्कर म्हणजे दत्ताजींनी हाताला धरून शिकवलेला पोरगा. "सर, राजगढला वडील अत्यवस्थ आहेत. जाऊ का?" गेलं उत्तर, धन्यवाद! आता धन्यवाद म्हणजे जा, की थांब? भास्कर थांबला. अहो, काचेपलीकडेच उभा होता, दिवसभर! आत डोकावून एक हाक मारायची की नाही? पण तोंडी काही नाही! आणि दत्ताजी मान खाली घालून मेल वाचतायत, भास्करचा सोडून बाकी सगळे.

म्हातारा संध्याकाळी गेला. मुलाची वाट बघत गेला हो.

दत्ताजी राजगढला समाचाराला गेले. भास्कर मुंडण करून ओसरीवर बसलेला. चार शिव्या घातल्या असत्या तरी बरं वाटलं असतं! तो एवढंच म्हणाला, "सर, मेल टाकला होता." दत्ताजींना रडूच कोसळलं.

तेरावा आटोपून भास्कर कामावर आला, काचेकडे पाठ करून मशीनपाशी उभा राहिला. दत्ताजी उठले, दारापर्यंत गेले, परत फिरले... कुठल्या तोंडानं बोलणार? बसले, एका बोटानं लिहिलं, "भास्कर, चुकलं रे माझं. माफ कर." डोळे पुसले आणि पाठवून दिलं.

उत्तर मात्र लगेच आलं, तुम्हाला सांगतो... "आपका संदेश मिल गया है. धन्यवाद."