पायाला काही झालं नाही

(पनवेलमधला एक दवाखाना. जासईचे धर्मराज टेबलावर पाय लांब करून बसले आहेत. शेजारी बायको मैना, समोर डॉ. पूर्वी.)

मैना : तुमी कापायचंच बोलताय, मॅडम. आधी ऐका तरी! चैत्रात एकवीरा आईची पालखी निघाली. जासईपासून कार्ल्यापर्यंत हे अनवाणी चालले. डांबर नुसतं तापलेलं. जवान पोरांचे पाय सोलले, यांना काय झालं नाय.

डॉ. पूर्वी : झालं होतं, काकू. तळवा भाजला होता. यांना कळलं नाही.

धर्मराज : कळलं नाय कसं? पाय माझाच ना?

डॉ. पूर्वी : शुगरमुळे पायाची जाणीव गेलीय, काका. जखम हाडापर्यंत पोचलीय.

मैना : आमाला वाटलं, आई पावली. घरी आलो तवा लोकांनी याच पायांवर डोकी ठेवली.

डॉ. पूर्वी : शुगर कधीपासून आहे?

धर्मराज : धाकट्याच्या लग्नापासून. दरवेळी रक्त घेतात, गोळ्या देतात. पायताण काढा, असं कोणी बोललंच नाय. तुमीच पयल्या.

डॉ. पूर्वी : बघायला हवं होतं. दरवेळी बघायला हवं होतं. राग येतो मला, पण आता त्याचा काय उपयोग?

धर्मराज : मुंबईला नेला तर वाचंल?

डॉ. पूर्वी : सकाळपासून फोन करतेय, बेड नाही म्हणतात. आणि तिथेही गुडघ्याखाली कापावाच लागेल. थांबलो तर विष अंगात भिनेल.

धर्मराज : कंटेनर यार्डाच्या गेटावर उभा असतो मी. एका पायावर कोण ठेवील मना?

मैना : मी हाय ना. बाजारात टोपली घेऊन बसंन.

धर्मराज : तू? तुझी साखर माझ्यापेक्षा जास्त.

डॉ. पूर्वी : काकूंनाही शुगर आहे? काकू, पालखीत तुम्हीही होतात?

मैना : मंग? यांच्या मागंच. मी पन अनवाणी.

डॉ. पूर्वी : चपला काढा. या स्टुलावर बसा. पाय इकडे करा. आता डोळे मिटायचे आणि टोचलं की लगेच सांगायचं.

मैना : बरं.

धर्मराज : मैने... सांग ना गं.

मैना : काय सांगू? टोचा ना, मॅडम. कवाची डोळे मिटून बसलेय मी.