पडदा व्याह्याच्या हातानं

...मी म्हणतो, साऱ्या जिल्ह्यात गिऱ्हाईकाचा काय दुष्काळ पडला होता का, की पडदा ओढायला माझाच व्याही सापडावा? तुमाला सांगतो, मी भुजंग, परभणीत बॅटरीच्या गाड्या विकतो. मालकानं आमाला आधीच बजावलं होतं, "नवी गाडी यायलीय, पण जुन्या निघूस्तोवर तोंड उघडायचं न्हाई." उघडलं न्हाई. अन् नेमके तेवढ्यात आले चारठाण्याचे किशनराव. माझी थोरली रेणुका त्यांच्याच घरात दिलीय. दुसरं गिऱ्हाईक धा ठिकाणी चौकशी करतंय, हा माणूस सरळ मला इचारतो, "व्याही, नवीन काई यायलीय का? असंल तर थांबतो." अन् मी न्हाई म्हणलो. पोरीच्या सासऱ्याला. पोरीनं त्यांच्याच हाती धाडलेलं धपाटं खात खात. आता हे तोंड कुठं लपवू, सांगा.

पंधरवडा झाला न्हाई तर नवी जाहीर झाली. किंमत कमी, अन् एका चार्जिंगमधे पळती दीडपट. बुकिंगला ही झुंबड... जुनीकडं कुणी ढुंकून बघंना, जुनी बुक केलेले बी रद्द करायलेत. अन् मालकाला सुचलं काय, तर म्हणे, "नव्या गाडीवरचा पडदा जुन्या गिऱ्हाईकाच्या हातानं काढू. तुमच्या व्याह्यालाच बोलवा, मान बी होईल." मान म्हणे.

आले की किशनराव. फेटा बांधून, इहीणबाईला शेजारी बसवून, मीच गळ्यात मारलेली जुनी गाडी चालवीत. पडदा ओढला, टाळ्या झाल्या, मग त्यांनी नव्या गाडीवरची किमतीची पाटी वाचली. सावकाश, बोट ठिवून. अन् गर्दीतून एकजण म्हणतो, "किशनराव, तुमाला तर व्याह्यानंच गंडिवलं की." सगळे हसायलेत. आता तोंड कुठं लपवू?

त्यांनी माझ्याकडं बघितलं. शिवी दिली असती तर गिळली असती हो. म्हणले, "छ्या. व्याह्यानं आधीच सांगितलं होतं, नवी यायलीय म्हणून. मलाच दम न्हवता. अन् नव्या गाडीच्या खोड्या पहिल्या वर्षी निघतेत, जुनी तपासलेली बरी."

भर गर्दीत खोटं बोलून माझ्या पोरीचं माहेर राखलं त्या माणसानं. लय शरम वाटली, मान वर झाली न्हाई. अन् लोक बी कसले, त्यांचं ऐकून तिघांनी तिथंच जुन्या गाड्या घेतल्या.

मालकानं मला कोपऱ्यात ओढलं. वाटलं, इथं तरी कुणी झापील. तर खांद्यावर हात ठिवून म्हणतेत, "भुजंगराव, व्याही असावा तर असा, उभ्याउभ्या तीन गाड्या खपवणारा. तुमची धाकटी बी लग्नाला आली असंल न्हवं?"

आली म्हणलो.