न वाजलेली घंटा

गव्हर्नरसाहेब लंडनला वारल्याची बातमी सकाळच्या होडीनं बेटावर आली. मी गिरणीवर रांगेत होतो. पुढं चर्चचा घंटावाला अँब्रोज आणि कोळीण टॉमसिन बोलत होते.

"अँब्रोजकाका, माणूस गेला की घंटा वाजवतात. तुम्ही इथं कसे?"

"वाजवली की किल्ल्यावर साहेबांच्या घरी ऐकू जाईल. बाईसाहेबांना अजून ठाऊक नाही."

"अगं बाई!"

"स्पेनची गलबतं दिसली, तेव्हा बड्या लोकांनी बायकापोरं समुद्रापलीकडं धाडली. साहेबांनी नाही."

"सातवा महिना होता बाईसाहेबांना! चर्चमध्ये आमच्यात बसून तोफेच्या दारूच्या पिशव्या शिवल्या. टाके मात्र भलतेच वाकडे."

"मी म्हटलं, साहेब, त्यांना तरी पाठवा. तर म्हणाले, 'तुझी बायको कुठंय?' म्हटलं, इथंच. 'मग माझीही इथंच.'"

"असा माणूस पुन्हा होणे नाही. जा काका, सांगा त्यांना."

"तू जा. तू बाईमाणूस."

"माझा पाय उचलत नाही हो."

दोघांनी माझ्याकडं पाहिलं. माझी बायको गेल्याचं मला शेतात, अँब्रोजच्या घंटेवरूनच कळलं होतं.

आता दुपार झाली आहे. बाईसाहेबांना अजून कुणी सांगितलेलं नाही; मीही नाही.