सोळा फेऱ्या

माझं माहेर पाचाडचं, गडाच्या पायथ्याचं, आणि सासर पोलादपूरचं, म्हणजे चढ-उतार सोडून दुसरं काय बघितलंच नाय मी. आई गडावर येणाऱ्या लोकांना जेवण करून घालायची, मी पायथ्यापासून वरपर्यंत ताकाची कळशी घेऊन चढायची, शहरातली माणसं धापा टाकत पायरीवर बसलेली असायची आणि मी त्यांना हसायची. आता हसायची पाळी त्यांची. पण ते हसू दे, मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा, आणि खरं सांगायचं तर त्यातला अर्धा माझा माझ्यावरच हाय.

आमची हायवेला छोटी खानावळ. यजमान गल्ल्यावर, मी चुलीवर. तांदळाच्या भाकऱ्या, कालवण, भात. पंचवीस वर्षं उभ्यानं भाकऱ्या केल्या तेव्हा पाय होते का नव्हते याची आठवण पण नाय यायची. मग तीन वर्षांपूर्वी सुरू झालं. दहा-बारा भाकऱ्या झाल्या की कंबरेपासून खाली दोन्ही पाय पेटायचे, मग बधिर व्हायचे, जसा कापूस भरलाय. खाली बसले, ओट्यावर वाकले, की दोन मिनिटांत सगळं गायब. पुन्हा उभी राहिले की पुन्हा तेच. आता हे कोणाला सांगायचं? लावणीला गेले तर दिवसभर वाकून रोपं लावायची, काय त्रास नाय. घाट चढायचा, त्रास नाय, उतरायचा तर जीव जायचा. आमचे यजमान बोलले, शेतात वाकतेस दिवसभर आणि आरतीला उभं राहायचं म्हटलं की तुझे पाय दुखतात, देव बघतोय हो. जाऊबाई बोलल्या, आमच्या पायांना असली हुशारी नाय गो जमत. काय सांगू तुम्हाला, मला स्वतःलाच वाटायला लागलं की मी सोंग करते की काय.

महाडच्या हॉस्पिटलात मोठे डॉक्टर महिन्यातून दोनदा यायचे. त्यांनी फोटो काढला, तो बोगद्यात घालून काढतात तो, आणि सांगितलं, मावशी, मणक्यातली नसांची वाट अरुंद झालीय, उभं राहिलं की नसा चेपतात, वाकलं की वाट जरा मोकळी होते. मी बोलले, डॉक्टर, हे एकदा आमच्या यजमानांना सांगा, मी फोन लावून देते. त्यांनी सांगितलं. यजमान फोनवर हो साहेब, हो साहेब करत होते. त्या दिवशी संध्याकाळी पहिल्यांदा भाकऱ्या करायला मला स्टूल मिळालं.

मग डॉक्टर बोलले, आमचा एक अभ्यास चाललाय. या दुखण्यात काही जणांचं ऑपरेशन करायचं, काही जणांना व्यायाम द्यायचा, आणि सहा महिन्यांनी बघायचं कोणाला किती फरक पडतो. तुमच्या वाट्याला काय येईल ते कॉम्प्युटर ठरवणार. मी बोलले, त्या कॉम्प्युटरनं माझी कंबर कधी बघितली? ते हसले, बोलले, बघितली नाही म्हणूनच त्याच्यावर सोपवलंय, मी ठरवायला बसलो तर माझ्या मनाचं ठरवीन. हे मला पटलं. व्यायामानं बरं नाही वाटलं तर सहा महिन्यांनी ऑपरेशन करू, हेही कागदावर होतं, मी वाचून सही केली. मी सातवी शिकलेली हाय, अंगठा नाय दिला.

माझ्या वाट्याला व्यायाम आला. तो शिकवायला अश्विनी. चोवीस-पंचवीसची पोर, काटकुळी, चष्मा, सातारच्या बाजूची. गुडघे पोटाशी घ्या मावशी, श्वास सोडा मावशी. दर आठवड्याला फोन करायची. एकदा पोलादपूरला घरी पण आली, मी कुठं झोपते, कुठं उभी राहते, ते बघायला. मी तिला जेवायला बसवलं. नको नको करत तीन भाकऱ्या खाल्ल्या पोरीनं आणि बोलली, आईची आठवण आली. झालं. आता आमच्यात एक रीत हाय बघा, जी पोर आपल्या ताटात जेवून गेली ती आपली. तिचं नाव चारचौघांत खाली नाय पडू द्यायचं. रीत चांगली हाय, मी अजून मोडलेली नाय, पण त्या रीतीनंच घात केला.

व्यायामानं काहीच झालं नाय असं खोटं मी बोलणार नाय. सकाळी उठताना कंबर सुटी वाटायची. दासगावच्या खातीजाबी माझ्याबरोबरच व्यायामाला होत्या, त्यांना तर खरोखर गुण आला, आता बाजारात न बसता जाऊन येतात. पण माझे पाय भाकरीपुढं तसेच. दहा-बाराच्या जागी चौदा, बास.

सहा महिन्यांनी चाचणी. हॉस्पिटलच्या लांब व्हरांड्यात दोन टोकांना पट्टी चिकटवलेली, त्यामधून फेऱ्या मारायच्या, दुखणं असह्य झालं की थांबायचं. पहिल्या वेळी, व्यायाम सुरू व्हायच्या आधी, मी पाच फेऱ्यांत थांबले होते. आता नियम असा की फेऱ्या मोजणारा माणूस परका पाहिजे, कोणाला काय उपचार मिळालाय हे त्याला माहीत नसलेला. पण तो त्या दिवशी आलाच नाय, आणि कोणीतरी बोललं, अश्विनी, तूच घे उरकून. बघा आता! एवढा मोठा अभ्यास, कॉम्प्युटरनं वाटणी केलेली, आणि शेवटी उरकून घे!

अश्विनी हातात घड्याळ घेऊन उभी, पलीकडच्या टोकाला मोठे डॉक्टर आमच्याकडं पाठ करून कोणाशी तरी बोलत. सहाव्या फेरीला माझे पाय पेटले. मला वाटलं, आता बसले तर हे डॉक्टर या पोरीला बोलणार, सहा महिने काय शिकवलंस हिला. आणि दुसरंही वाटलं, पाचाडची मुलगी भर व्हरांड्यात फतकल मारून बसणार? मी दात आवळले आणि चालले. आठ, दहा, बारा. अश्विनी विचारते, मावशी दुखतंय का, थांबायचंय का? मी बोलते, छे गो, मजेत. जरा पुढं वाकून चालले, वाकलं की वाट मोकळी होते हे मला डॉक्टरांनीच शिकवलेलं. सोळा फेऱ्या. पोरीचा चेहरा असा फुलला की काय सांगू. मी बाहेर येऊन बाकड्यावर पडले ती एसटी चुकली तरी उठले नाय.

पंधरा दिवसांनी निरोप, मावशी तुमची सुधारणा उत्तम, ऑपरेशनची गरज नाही. मी भाकरी थापत होते, स्टुलावर बसून. यजमानांना वाचून दाखवलं तर ते बोलले, मग स्टूल काढू का?

माझं डोकं असं तापलं! आधी त्यांच्यावर, मग डॉक्टरांवर, मग माझ्यावर. माझे पाय गेले ते गेले, पण ही सोळा आता त्यांच्या अभ्यासात जाणार. उद्या माझ्यासारखी कोण बाई डॉक्टरांच्या दारात जाईल आणि तिला सांगतील, ऑपरेशन कशाला, व्यायाम कर, पोलादपूरची बाई सोळा फेऱ्या चालली. ती बाई घरी जाऊन परत सोंगाडी ठरणार, माझ्यामुळं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर येणार होते, महाड गाठलं. डॉक्टरांना बोलले, ती सोळा खोटी हाय, पुसून टाका. ते बोलले, मावशी, मोजलेलं पुसता येत नाही. मी बोलले, मोजलं चालणं, दुखणं कोणी मोजलं? तुमच्या कागदावर विचारलेलं की दुकानात खरेदीला जाता येतं का. दुकान आमच्या दारातच, डॉक्टर! भाकरीपुढं किती वेळ उभी राहता ते विचारलं कोणी? आणि परका माणूस कुठं होता त्या दिवशी?

डॉक्टरांनी माझा कागद उघडून बघितला. मग अश्विनीला आत बोलावलं. जे मी टाळायला सोळा फेऱ्या मारल्या तेच झालं, तिला माझ्यादेखत बोलले, तूच चाचणी कशी घेतलीस, परका माणूस आला नाही हे मला का नाही सांगितलंस. मी मध्ये पडले तर ती माझ्यावरच उखडली. मावशी, मी दोनदा विचारलं तुम्हाला, थांबायचंय का म्हणून. मी तिथं पास व्हायला उभी होते का? तुमचं खरं काय ते कळायला उभी होते. डोळ्यांत पाणी तिच्या.

मग डॉक्टरांनी बरोबर केलं, ते मी मान्य करते. परका माणूस बोलावला, मुंबईचा, माझं नावसुद्धा त्याला माहीत नव्हतं. सातव्या फेरीला पाय पेटले आणि मी बसले. व्हरांड्यात, जमिनीवर, येणारे-जाणारे बघतायत, ओळखीच्या दोघी हळहळल्या सुद्धा. बघू दे. त्यांनी सोळा पुसली नाय, पण शेजारी सात लिहिली आणि का, ते पण लिहिलं, आणि मला वाचायला दिलं. मी वाचल्याशिवाय उठले नाय.

पुढच्या महिन्यात माझं ऑपरेशन हाय. भीती वाटते, नाय कशाला बोलू. अश्विनी काल येऊन गेली, रुसवा अजून पुरता गेलेला नाय, पण जेवली. मी तिला सांगून ठेवलंय, ऑपरेशन करूनही पाय तसेच राहिले तर मी तसंच सांगणार, डॉक्टर कितीही चांगले असू देत, मी त्यांना पण जेवायला वाढलेलं असू दे. ती बोलली, शपथ घ्या. घेतली. देव त्या पोरीला सुखी ठेवो, आणि तिच्यापुढं ज्या बायका चालायला उभ्या राहतील त्यांना दुखेल तिथं बसायची बुद्धी देवो.