यामिनीचा बीपी अन् आमचं अळणी वरण

...अन् वरणात मीठ नाही! भाजीत नाही, भातात नाही, लोणच्याची बरणी तर आमच्या शांताबाईनं, म्हणजे बायकोनं, शेजारी देऊन टाकली. तुम्हाले सांगतो, काहून? तर आमच्या पोट्टीचा, यामिनीचा बीपी! बाविसाव्या वर्षी दोनशे दहा! कंपाउंडर म्हणे, "भैया, मशीनच खराब आहे." दुसरी आणली, तेही खराब! साऱ्या रायपूरच्या मशिनी काय एकदमच बिघडल्या?

मग जो येईल तो डॉक्टर. ब्राह्मणपाऱ्यातला खरा डॉक्टर म्हणे, "मीठ सोडा, टेन्शन घेऊ नका." पुरानी बस्तीतली माही बहीण म्हणे, "मीठ सोड पोरी, टेन्शन घेऊ नको, अन् लग्न कर." अवो, लग्नानं कोणाचा बीपी उतरला आजवर? अन् टेन्शन कोणाले? राज्य नवं, रायपूर त्याची राजधानी झालेली, मंत्रालयात बसाले खुर्ची नाही, भोपाळहून फायलींचे गठ्ठे येऊनच राहिले, ते उपसतो मी, अन् बीपी हिचा!

शांताबाई कडाडली, "एकटी पोट्टी अळणी खाईल अन् तुम्ही चटण्या चाटाल? घरात कोणीच मीठ खाणार नाही!" झालं. वर्षभर अळणी! अन् बीपी? दोनशे वीस! गोळ्या वाढल्या, डोकं ठणकून राहिलं, पायात जीव नाही. एक दिवस पोट्टी जिन्यातच बसली. "पापा, मैं मर जाऊँगी क्या?" मी म्हटलं, "चूप!" अन् मोरीत जाऊन, नळ सोडून, रडलो.

शेवटी नागपूरले नेली. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "इतक्या लहान वयात इतका बीपी, अन् कोणी पोटाचा स्कॅन नाही केला?" केला. किडनीत बोराएवढी गाठ! हेच भवानी रेनिन का काय म्हणतात ते हार्मोन रक्तात सोडून राहिली होती, अन् बीपी चढून राहिला होता. मी विचारलं, "मग मीठ?" बाई म्हणाल्या, "यात मिठाचा काय दोष?" ऐका! म्हणजे वर्षभर आम्ही जे गिळलं ते कशासाठी?

गाठ काढली. बीपी एकशे दहा! शांताबाई इतकी खूश, इतकी खूश, की घरच्या मशिनीवर साऱ्यांचा बीपी मोजत सुटली. तिचा बरा, बहिणीचा बरा, माहा... एकशे सत्तर!

आता पोट्टी माह्या समोर मांडी घालून बसते, रातच्या बासी भातात मीठ टाकते, कांदा फोडते, मिरची चावते, अन् माह्या अळणी ताटाकडं पाहून म्हणते,

"पापा, नमक छोड़ो, टेन्शन मत लो!"